सिलिंडर भरलेत, पण माणसं बाहेर कशी पडणार?

मागच्या वर्षी पुण्याजवळच्या एका कारखान्यात फायर ऑडिटला गेलो होतो. फाइल बघून कुणीही खूश व्हावं अशी होती. सिलिंडरच्या रिफिलिंगच्या तारखा, हायड्रंटच्या दाबाच्या नोंदी, पंपाच्या चाचण्या, जुलैचा बी फॉर्म, सगळं नीट टॅब लावून ठेवलेलं. सेफ्टी ऑफिसर तरुण होता, कामाचा होता. दुसऱ्या मजल्यावर पॅकिंग विभागात हाउसकीपिंगच्या एक मावशी फरशी पुसत होत्या. त्यांना विचारलं, "मावशी, आत्ता इथे भोंगा वाजला आणि समोरच्या जिन्यात धूर असला, तर तुम्ही कुठून खाली जाल?" त्यांनी जरा विचार केला आणि मालाच्या लिफ्टकडे बोट दाखवलं. मागचा जिना त्यांच्यापासून वीस पावलांवर होता. "तिकडं आम्ही जात नाही, कुलूप असतं," त्या म्हणाल्या.

खरंच कुलूप होतं. कडीत साखळी ओवून वर कुलूप. किल्ली 'सिक्युरिटीकडे'. केबिनमधला गार्ड कामाला लागून नऊ दिवस झाले होते. त्याच्या जुडग्यात तीसेक किल्ल्या होत्या आणि एकीलाही चिठ्ठी नव्हती. मी घड्याळ लावून उभा राहिलो. दार उघडायला अकरा मिनिटं लागली. उघडलं तेव्हा पहिल्या पायरीपासून खालपर्यंत पुठ्ठ्याचे खोके रचलेले दिसले.

त्या फाइलमधला एकही कागद खोटा नव्हता. आग विझवायची तयारी चांगली होती. माणसं बाहेर काढायची तयारी मात्र कुणी तपासलीच नव्हती, कारण चेकलिस्टमध्ये त्यासाठी एकच ओळ होती. 'इव्हॅक्युएशन प्लॅन आहे का?' आणि पुढे बरोबरची खूण. प्लॅन होताच, काचेच्या फ्रेममध्ये, रिसेप्शनच्या भिंतीवर.

कारखान्याचे मालक, ऑफिसचे व्यवस्थापक, सेफ्टी ऑफिसर आणि ऑडिट करणारे माझे व्यवसायबंधू, सगळ्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. बाहेर पडण्याचा आराखडा ऑडिटच्या फाइलला जोडून मोकळे होऊ नका. त्या आराखड्याचंच ऑडिट करा. पायांनी चालून, हातात घड्याळ घेऊन, आणि तिथे रोज काम करणाऱ्या माणसांना विचारून. ते कसं करायचं, हे पुढे लिहितो.

आधी कायद्याचं थोडं. आपल्याकडे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006' लागू आहे. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म घेऊन तो अग्निशमन विभागाकडे द्यायचा असतो. कायद्याच्या नावातला 'जीव संरक्षक' हा शब्द आपण विसरतो. बी फॉर्म आला की ऑडिट झालं, असं बहुतेक ठिकाणी धरून चालतात. पण तो प्रामुख्याने यंत्रणेबद्दल बोलतो. पंप चालतो का, पाणी येतं का, अलार्म वाजतो का. अलार्म वाजल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या साठ माणसांचं काय होतं, हे तुम्हालाच तपासावं लागतं.

राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे 2016 च्या नॅशनल बिल्डिंग कोडचा, चौथा भाग आग आणि जीवसुरक्षेसाठीच आहे. ऑडिटला जाताना त्यातले तीन-चार आकडे लिहून खिशात ठेवावेत. ऑफिससारख्या जागेत कोणत्याही ठिकाणापासून सुरक्षित जिन्यापर्यंतचं चालण्याचं अंतर सर्वसाधारणपणे 30 मीटरच्या आत असावं. बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान 1 मीटर असावी. ऑफिसात माणसं किती धरायची, तर दर 10 चौरस मीटरला एक. आणि जिन्याच्या रुंदीचा हिशोब माणशी 10 मिलिमीटर.

शेवटच्या आकड्यात खूप काही दडलेलं आहे. समजा, एका मजल्यावर 240 माणसं बसतात. त्यांना मिळून 2,400 मिलिमीटर रुंदीचा जिना हवा. इमारतीला दीड-दीड मीटरचे दोन जिने आहेत, म्हणजे 3,000 मिलिमीटर. कागदावर सगळं ठीक. पण मागच्या जिन्याला कुलूप असेल, तर हाती उरले 1,500. म्हणजे 150 माणसांची सोय. उरलेली नव्वद माणसं दाराशी रांगेत उभी राहणार, पाठीमागून धूर येत असताना. आता हाच हिशोब स्वतःच्या ऑफिसचा करा, आणि माणसं मोजताना नकाशावरचा आकडा धरू नका, खुर्च्या मोजा. नकाशा मंजूर झाला तेव्हा शंभर जणांसाठी असलेल्या मजल्यावर आज दोन शिफ्टचं कॉल सेंटर चालू असतं, आणि शिफ्ट बदलण्याच्या पंधरा मिनिटांत दोन्ही शिफ्टची माणसं एकदमच आत असतात. हिशोब त्या पंधरा मिनिटांचा करायचा.

सगळ्यात लांबच्या खुर्चीपासून चाला

इव्हॅक्युएशनचं ऑडिट टेबलावर होत नाही. मजल्यावरची सगळ्यात लांबची जागा शोधा. बहुतेक ती कोपऱ्यातली मीटिंग रूम, सर्व्हर रूम, स्टोअर किंवा स्वच्छतागृह असते. तिथून निघा आणि असेंब्ली पॉइंटपर्यंत चालत जा. अंतर मोजायचं ते टेबलं, मशीन, पॅलेट यांना वळसे घालत पडणाऱ्या पावलांचं. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं 26 मीटरचं अंतर प्रत्यक्षात 40 मीटर निघालेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

वाटेत लागणारं प्रत्येक दार स्वतः उघडा. ते जाण्याच्या दिशेने उघडतं की आत ओढावं लागतं? मागून गर्दीचा रेटा आला की आत ओढायचं दार उघडूच शकत नाही. जिन्याचं फायर डोअर आपोआप बंद होतं का? या दाराचं काम धूर जिन्याबाहेर थोपवून धरायचं. हवा खेळावी म्हणून त्याला कुंडी, वीट, आणि कित्येकदा आग विझवायचा सिलिंडरच लावून ते उघडं ठेवलेलं असतं. आग लागली की त्या फटीतून धूर जिन्यात शिरतो आणि उतरण्याची वाट धुराड्याची नळी होते.

कार्ड लावून उघडणारी दारं आता जवळपास प्रत्येक ऑफिसात आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते. चुंबकीय कुलूप अलार्म वाजल्याबरोबर सुटलं पाहिजे. 'आमचं सुटतं' हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. अलार्म वाजवून बघा. मग वेगळी चाचणी घ्या आणि मुख्य वीज बंद करून बघा. वीज गेली तरी यूपीएसवर कुलूप घट्ट धरून राहिलेलं असतं, हे तेव्हाच कळतं. दाराशेजारी हाताने सोडवायची हिरवी पेटी आहे का? असेल तर ती नुकत्याच कामाला लागलेल्या मुलीला माहीत आहे का? तिलाच विचारा.

जिन्यात उतरल्यावर वीज घालवा. आपत्कालीन दिवे लागले पाहिजेत आणि दीड तास टिकले पाहिजेत. हिरव्या पाट्या अंधारात दिसल्या पाहिजेत. भिंतीवरचा 'तुम्ही इथे आहात' हा नकाशा बारकाईने बघा. एकाच छापाच्या प्रती समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर लावल्या, तर एका भिंतीवर डावं ते उजवं होतं. बाण माणसाला जिन्यापासून दूर पाठवतो. ही चूक मी चांगल्या चांगल्या इमारतींत पाहिली आहे आणि ती दुरुस्त करायला एक प्रिंट आणि चार स्क्रू पुरतात.

तळमजल्यावर जिना नेमका कुठे उघडतो? पार्किंगमध्ये दुचाक्यांच्या रांगेमागे? जनरेटरच्या खोलीशेजारी? कंपाउंडमधल्या बंद बोळात? जिना संपला म्हणजे माणूस सुटला, असं नसतं. मोकळ्या जागेत पोहोचेपर्यंत वाट चालूच असते. असेंब्ली पॉइंटची पाटीही जिथे जागा मिळाली तिथे ठोकलेली असते. ट्रान्सफॉर्मरखाली, काचेच्या दर्शनी भिंतीच्या पायथ्याशी, नाहीतर नेमकी गेटमध्ये, जिथून अग्निशमन दलाचा बंब आत यायचा असतो. दोनशे माणसं त्या गेटमध्ये उभी असतील तर बंब आत कसा येणार?

उंच इमारतींत आसरा घेण्यासाठी राखून ठेवलेला मजल्याचा मोकळा भाग, म्हणजे रेफ्यूज एरिया, असतो. संहितेप्रमाणे पहिला 24 मीटर उंचीवर आणि त्यापुढे दर 15 मीटरला. तिथे जुनं फर्निचर, एसीचे आउटडोअर युनिट आणि चहाचं टेबल सापडलं, तर ते किरकोळ निरीक्षण म्हणून लिहू नका. तो भाग माणसांसाठी ठेवला होता आणि आता तिथे माणसं मावत नाहीत, असं स्पष्ट लिहा.

कुलपाचा प्रश्न

दारांना कुलूप का लागतं, हे समजून घेतल्याशिवाय ते निघत नाही. मालकाला चोरीची भीती असते आणि ती खरी असते. मागच्या दारातून माल जातो, माणसं शिफ्ट अर्धवट टाकून जातात. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली, तेव्हा नवव्या मजल्यावरचं जिन्याचं दार याच कारणासाठी बंद होतं. 146 जण मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. शंभरहून अधिक वर्षं झाली. 9 मे 2019 च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाचीतलं कापडाचं दुकान पेटलं. आत झोपलेले 5 कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं.

म्हणून ऑडिटमध्ये 'कुलूप काढा' एवढंच लिहून भागत नाही. मालकाची भीती शिल्लक राहिली, तर तुमची पाठ फिरताच कुलूप परत लागतं. त्याला पर्याय द्या. आतून अंगाच्या नुसत्या दाबाने उघडणारा आणि बाहेरून न उघडणारा पॅनिक बार बसवता येतो. दार उघडलं की सिक्युरिटी केबिनमध्ये बझर वाजेल अशी जोडणी करता येते. दारावर कॅमेरा लावता येतो. तिन्हीचा मिळून खर्च एका लहान मशीनच्या दुरुस्तीइतकाही नसतो. हे समजावून सांगितलं की बहुतेक मालक ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांच्या अहवालात ही नोंद पहिल्या पानावर घ्या.

छोट्या दुकानांचं आणि गाळ्यांचं दुखणं याहून अवघड आहे. पुढे शटर, मागे भिंत, वर पोटमाळा. दिवसा तिथे चार-पाच माणसं काम करतात आणि रात्री त्यांच्यातलीच दोघं-तिघं तिथेच झोपतात. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले 6 कामगार दगावले. अशा जागी ऑडिट दिवसा अकरा वाजता करून काय उपयोग? रात्री अकराला जा. निदान पोटमाळ्यावर अंथरूण, स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात का ते बघा. माणसं तिथे झोपत असतील तर अहवालात ते लिहा, मालक 'कुणी झोपत नाही' म्हणत असला तरी. आणि त्याला सांगा की झोपायची सोय दुसरीकडे करायला जितके दिवस लागतील, तितके दिवस शटर आतून उघडता आलं पाहिजे, स्वयंपाक आत होता कामा नये आणि मागच्या भिंतीला दार पाडायचं काम आजच मिस्त्रीला सांगायचं.

वेळ जातो कुठे?

माणसं धावत बाहेर पडतात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात भोंगा वाजल्यावर पहिली काही मिनिटं कुणी हलतच नाही. "ड्रिल असेल." "परवापण वाजला होता, काही नव्हतं." कुणी फाइल सेव्ह करतो, कुणी डबा पिशवीत भरतो, कुणी चार्जर काढतो, कुणी साहेबांच्या केबिनकडे बघतो की ते उठलेत का. रिकाम्या जिन्यावरून धडधाकट माणूस एक मजला पंधरा-वीस सेकंदांत उतरतो. उतरायला वेळ लागत नाही, उठायला लागतो.

तेवढ्या वेळात धूर कुठवर पोहोचतो, याचा अंदाज नसतो. 23 फेब्रुवारी 2010 रोजी बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्स या ऑफिस इमारतीत आग लागली. ज्वाळा सगळीकडे पोहोचल्या नव्हत्या, पण धूर वरच्या मजल्यांपर्यंत भरला. 9 जण गेले. घाबरून खिडक्यांतून उड्या मारणारे त्यांत होते. तुमच्या इमारतीतले वायरिंगचे आणि एसीचे शाफ्ट प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंद केलेले आहेत का, हा प्रश्न म्हणूनच इव्हॅक्युएशनच्या ऑडिटमध्ये येतो. शाफ्ट उघडा असेल, तर लोकांना मिळणारी मिनिटं कमी होतात. अलार्म वाजल्यावर एसीचे पंखे आपोआप बंद होतात की धूर सगळीकडे खेळवत राहतात, हेही तिथेच तपासा.

उठायचा वेळ कमी करायचा असेल, तर नुसत्या भोंग्यावर भिस्त ठेवू नका. माणसाच्या आवाजातली सूचना हवी आणि ती लोकांच्या भाषेत हवी. 'कोड रेड, कोड रेड' असं काहीतरी पुटपुटलेलं कुणाला समजत नाही. "दुसऱ्या मजल्यावर आग लागली आहे. हातातलं काम आहे तिथे सोडा. जवळच्या जिन्याने खाली उतरा. लिफ्ट वापरू नका." हे मराठीत आणि लगेच हिंदीत. कामगार ओडिशा-बिहारचे असतील तर त्यांच्यातल्याच कुणाच्या आवाजात ते रेकॉर्ड करून घ्या. मोठ्या मशीनच्या आवाजात सूचना ऐकू येते का, कानांत इअरप्लग असणाऱ्याला काय कळतं, हे मशीन चालू असताना तपासा. तिथे लुकलुकणारा दिवा लागेल.

आणखी एक गोष्ट विचारा. पहिला भोंगा वाजवायचा अधिकार कुणाला आहे? कित्येक ठिकाणी कामगार धूर दिसला की सुपरवायझरला शोधतो, सुपरवायझर मॅनेजरला फोन लावतो आणि मॅनेजर म्हणतो, थांब, मी येऊन बघतो. यात मिनिटं जातात. ज्याला आग दिसेल त्याने काच फोडून बटण दाबायचं, कुणाला विचारायचं नाही, आणि खोटा निघाला तरी त्याला कुणी बोलायचं नाही, असा लेखी आदेश व्यवस्थापनाच्या सहीने असला पाहिजे. 101 किंवा 112 ला फोन कुणी करायचा, तो रजेवर असेल तर दुसरं कोण, हे त्याच कागदावर.

ज्यांना पटकन उतरता येत नाही

प्रत्येक मजल्यावर अशी माणसं असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले अकाउंटंट काका, सातव्या महिन्यातली मुलगी, व्हीलचेअरवरचा सहकारी, ऐकू न येणारा लेथचा कारागीर, दम्याचा रुग्ण. त्यांना खोदून विचारायचा संकोच वाटतो म्हणून आराखड्यात त्यांचा उल्लेखच नसतो. त्यांच्याशी एकट्याने, आदराने बोला. "आपल्याला खाली उतरायचं झालं तर तुम्हाला कशी मदत हवी?" एवढाच प्रश्न. त्यांचं उत्तर त्यांना स्वतःला सगळ्यांत चांगलं माहीत असतं. मग प्रत्येकासाठी दोन माणसं ठरवा. एक रजेवर असेल तर दुसरा. इव्हॅक्युएशन चेअर घेतली असेल, तर ती कपाटात कुलपात ठेवलेली नाही ना, आणि ठरवलेल्या दोघांनी ती निदान एकदा भरलेल्या वजनाने जिन्यावरून उतरवून पाहिली आहे ना, हे बघा.

अनोळखी माणसांचं काय? मीटिंगला आलेले पाहुणे, कुरिअरवाला, एसी दुरुस्त करायला आलेला मुलगा, मुलाखतीला आलेले उमेदवार. त्यांना दुसरा जिना माहीत नसतो. धूर दिसला की माणूस आला त्याच वाटेने परत जायला बघतो, नाहीतर दार बंद करता येईल अशा खोलीत शिरतो. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातल्या आगीत 14 जण गेले, आणि त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. वाट माहीत नसलेल्या माणसाला भरवशाचं वाटलेलं शेवटचं दार होतं ते. म्हणून प्रत्येक मजल्याच्या फायर वॉर्डनच्या कामात स्वच्छतागृह, मीटिंग रूम आणि प्रार्थनेची किंवा विश्रांतीची खोली तपासणं लिहिलेलंच असलं पाहिजे. बायकांच्या स्वच्छतागृहात बाई वॉर्डन जाईल, म्हणजे प्रत्येक मजल्यावर निदान एक स्त्री वॉर्डन हवी. हे लिहिलेलं नसेल, तर आयत्या वेळी पुरुष वॉर्डन दाराबाहेरून हाक मारून निघून जातो.

मोजणी

सगळे खाली आले का? या प्रश्नाला 'आले असतील' असं उत्तर मिळालं, तर अग्निशमन दलाच्या जवानाला जीव धोक्यात घालून आत जावं लागतं, कदाचित जो माणूस कोपऱ्यावर चहा पितोय त्याला शोधायला. आणि जो खरोखर आत अडकला आहे, त्याच्याबद्दल कुणालाच खबर नसते.

बायोमेट्रिकची यादी सर्व्हरवर असते, आणि सर्व्हर त्याच इमारतीत, वीज गेल्यामुळे बंद. कंत्राटी कामगारांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत, ठेकेदार बाहेरगावी. पाहुण्यांचं रजिस्टर गेटवर. म्हणजे तीन याद्या, तीन ठिकाणी. ऑडिटच्या दिवशी अचानक विचारा, "आत्ता या क्षणी इमारतीत किती माणसं आहेत?" उत्तर यायला किती मिनिटं लागली आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे आकडे सांगितले का, ते लिहून घ्या. उपाय साधा आहे. दहा-बारा जणांच्या गटाला एक माणूस, त्याला आपल्या गटातली नावं तोंडपाठ. असेंब्ली पॉइंटवर त्याने एकाच व्यक्तीला सांगायचं, "आमचे अकरा, दहा इथे, एक दिसत नाही, शेवटी स्टोअरमध्ये होता." बंबाच्या अधिकाऱ्याला हे वाक्य मिळालं की तो सरळ स्टोअरकडे माणूस पाठवतो. त्याच गेटवर इमारतीच्या नकाशाची एक प्रत, गॅस आणि रसायनं कुठे आहेत याची यादी आणि चिठ्ठ्या लावलेल्या किल्ल्या तयार असाव्यात.

ड्रिल

14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे अनेक जवान तिथे मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. बहुतेक कंपन्यांची वर्षातली एकमेव ड्रिल याच आठवड्यात होते. सकाळी साडेदहाला, सगळ्यांना मेलवर कळवून, हसत-खेळत खाली उतरून, शेवटी ग्रुप फोटो. बिल्डिंग कोडमध्ये पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी ड्रिल घ्यावी, असं मार्गदर्शन आहे.

पहिली ड्रिल सांगूनच घ्या. घाबरून कुणी जिन्यात पडू नये. पुढची न सांगता. त्याच्या पुढची रातपाळीत. मग कधीतरी मुख्य जिन्याच्या दारात एक माणूस उभा करा, हातात 'इथे धूर आहे' अशी पाटी देऊन, आणि लोक दुसरा जिना शोधतात का ते बघा. माझ्या मते सगळ्या ड्रिलमध्ये हीच सर्वांत जास्त शिकवून जाते. पहिल्यांदा घेतली की निम्मे लोक पाटीसमोर उभे राहून एकमेकांकडे बघतात. प्रत्येक मजल्यावर घड्याळ घेतलेला एक निरीक्षक ठेवा. भोंगा कधी वाजला, पहिला माणूस खुर्चीवरून कधी उठला, मजल्यावरचा शेवटचा माणूस जिन्यात कधी गेला, मोजणी कधी पूर्ण झाली, या चार वेळा लिहून घ्या.

अहवालात 'ड्रिल समाधानकारक' हे शब्द नकोत. असं लिहा: 'दुसरा मजला, मागचा जिना. दाराला साखळी आणि कुलूप. किल्ली शोधून दार उघडायला 11 मिनिटे. जिन्यात खोके. साखळी आजच काढावी, खोके उद्या संध्याकाळपर्यंत हलवावेत, पॅनिक बार महिन्याच्या आत बसवावा. जबाबदार: प्लँट मॅनेजर. फेरतपासणी पुढच्या शुक्रवारी.' साखळी काढल्याचं मात्र मी फेरतपासणीवर सोडत नाही. ती माझ्यासमोर निघते, तोवर मी गेटबाहेर जात नाही. पुढच्या ऑडिटची सुरुवातही मागच्या अहवालाच्या याच पानापासून करायची.

सहा महिन्यांनी त्या कारखान्यात परत गेलो. ड्रिल दुपारी, न सांगता. भोंगा वाजला तेव्हा मी मागच्या जिन्यात, खालच्या दारापाशी उभा होतो. दार बाहेर ढकलून माणसं यायला लागली. पॅकिंग विभागात फरशी पुसणाऱ्या त्या मावशी त्यांच्यात होत्या, मागे तीन जणी. असेंब्ली पॉइंटवर त्यांनी आपल्या गटाची नावं मोठ्याने घेतली आणि टिपण घेणाऱ्या सेफ्टी ऑफिसरला म्हणाल्या, "आम्ही पाच. चार इथं. पाचवी आज आलीच नाही, सकाळीच फोन आला होता तिचा."